कानापाशी धरलेली बॅटरी

बिरुदेव माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो टॉवेलचा एक तुकडा घेऊन. पांढराशुभ्र, हातभर लांब, कडा न शिवलेला. मला वाटलं, विकायला आलाय. सोलापुरात कोण कधी टॉवेल विकायला येईल सांगता येत नाही. मी लांबूनच हात हलवला, ‘नको.’

‘बॅटरी पायजे,’ तो म्हणाला.

नवी पेठेत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. घड्याळाचे सेल, रिमोट, चार्जर आणि टॉर्च. टॉर्चला आमच्याकडं निम्मी माणसं बॅटरीच म्हणतात, मीही म्हणतो. नाव शिवशरण. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काशम्मा, माझी बायको, म्हणते की तुमच्या तोंडाकडं बघून लोक परत येतात हेच नवल. असेल.

मी एक टॉर्च काढून दिली. त्यानं टॉवेल काउंटरवर पसरला, हातानं सरळ केला आणि टॉर्च लावून काउंटरला चिकटवूनच धरली. उजेड टॉवेलवरून आडवा सरपटत गेला. टॉवेलच्या धाग्याचा एकेक फास उभा राहिला, प्रत्येकाला त्याची त्याची सावली. हा वाकून बघतोय. मीही बघायला लागलो.

‘मधी डाग हाय,’ तो म्हणाला.

‘टॉवेलला?’

‘उजेडाला. मधी गोल ढवळं, भवतीनं निळं. न्हाय चालत.’

तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होता. वय पस्तीस-छत्तीस, केसांत कायम कापसाची भुरभुर. दिवसभर टॉवेल टेबलावर पसरायचे आणि कडेनं आडवा उजेड सोडायचा. म्हणजे धागा कुठं तुटला, फास कुठं बसला, ते सावलीनं दिसतं. वरून उजेड टाकला की सगळेच टॉवेल चांगले दिसतात, हे त्यानंच मला सांगितलं. चौदा वर्षं हेच काम. त्यामुळं त्याला टॉर्चही तशीच बघायची होती.

दुसरी दिली. त्यानं उजेडापुढं हाताची बोटं जोरात हलवली. ‘पाच बोटांची पंधरा दिसत्यात. ह्यो उजेड थरथरतोय. फोटोत पट्टं येतील.’ तिसरी दिली. बटण दाबलं की मोठा उजेड, पुन्हा दाबलं की बारीक, पुन्हा दाबलं की लुकलुक. लुकलुक सुरू झाल्याबरोबर त्यानं ती विझवूनच खाली ठेवली. ‘ही तर मुळीच नको.’

‘कसला फोटो?’ मी विचारलं. विचारायला नको होतं. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला की गिऱ्हाईक बसतं.

तो बसला नाही, कारण बसायला जागा नाही; पण बोलला. त्याचे वडील धुळा आप्पा, मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ. सुगी झाली की मेंढरं घेऊन आमच्या दक्षिणेकडच्या रानात उतरायचे. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात, आज या रानात, परवा त्या. असं त्यांचं आयुष्य गेलं. आता गुडघ्यांनी साथ सोडली. मेंढरांमागं चालणारं घरात दुसरं कुणी नाही. बिरुदेव टॉवेलकडं गेला. म्हणून सगळा कळप विकायचा ठरला होता. येत्या रविवारी पहाटे टेम्पो येणार होता. त्याआधी बिरुदेवाला आप्पाचा एक फोटो हवा होता, रात्रीचा, मेंढरांच्या मधे बसलेला.

‘दिवसा काढ की. फुकटचा उजेड असतो,’ मी म्हणालो.

‘दिवसा कुटला टाइम, काका? आठला आत, आठला भाईर. आन् दिवसा मेंढरं पांगल्याली असत्यात. रात्री सगळी गोळा हून बसत्यात, मधी आप्पा. मी बारका असताना जाग आली की तेच दिसायचं. तसा पायजे.’

कॅमेरा त्याच्याकडं होता. एका लग्नाच्या फोटोवाल्याकडं तो सुट्टीच्या दिवशी लाईट धरायला जायचा, त्यानं जुना झालेला दिला होता. तीनदा प्रयत्न करून झाला होता. एकदा मोबाईलच्या उजेडात. काही दिसलं नाही. एकदा अंधारातच, त्याहून कमी दिसलं. तिसऱ्यांदा फोटोवाल्याचा मोठा फ्लॅश नेला. तो उडाल्याबरोबर मेंढरं उधळली ती शेजारच्या हरभऱ्यात, आणि आप्पानं पोराला दगड फेकून मारला.

‘लागला?’

‘न्हाय. नेम चुकला. चुकवला आसंल.’

आणि बॅटरी सायकललाही हवीच होती. कारखान्यापासून वळसंगच्या बाजूला, जिथं मेंढरं बसली होती, तिथवर तो रात्री सायकलनं जायचा. समोरून ट्रक आला की डोळ्यांपुढं अंधारी. मागच्या महिन्यात रस्त्याकडेच्या चारीत पडला होता, हनुवटीवर टाके दिसत होते. म्हणजे उजेड सायकलला पुरेल असा रुंद, फोटोला चालेल असा नरम, थरथर नाही, लुकलुक नाही, आणि एका हातात मावेल एवढी. माझ्याकडं तशी नव्हती. नाही म्हटलं आणि विषय संपवला.

कसला संपतोय! मंगळवारी हजर, बुधवारी हजर, टॉवेलसकट. माझी सगळी फळी त्यानं उतरवून बघितली. शेजारचा घड्याळवाला मला चिडवायला लागला, तुमचे जावई आले म्हणून. गुरुवारी मी चक्क ओरडलो, ‘अरे, टॉर्च घेतोयस का सून बघतोयस?’ तो हसला आणि टॉवेलची घडी घातली. पण त्याच्या तोंडावर रविवार दिसत होता, आणि ते मला आवडलं नाही. शुक्रवारी व्यापाऱ्याकडून नवा माल येणार होता. मी फोन करून त्याला सांगितलं, बारीक बघ, चांगली बघ, पिवळसर उजेडाची. असले फोन मी कधी करत नाही.

शुक्रवारी आली ती तळहातात बसेल एवढी, अंगठ्याहून जरा जाड. उजेड किंचित पिवळा, कडेपर्यंत सारखा. लुकलुक होती, पण बटण बराच वेळ दाबून धरलं तरच. बिरुदेवानं टॉवेल पसरला, आडवी धरली, बोटं हलवून बघितली. पाचाची पाचच. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी खिशातून काढून माझ्या काउंटरच्या कडेला बांधून बघितली, हलते का. आणि तासभर जळत ठेवली, तापते का, मंद होते का. मी शटर अर्धं ओढून बसलो होतो. काशम्माचे दोन फोन येऊन गेले.

‘घेतो,’ तो शेवटी म्हणाला. ‘उद्या न्हाय जमलं तर मंग...’

‘मग काय? माल परत घेत नाही मी.’

‘परत न्हाय वो. जमलं न्हाय तर मंग ऱ्हायलंच, आसं म्हणत हुतो.’

घरी येऊन मी जेवलो नाही नीट. टॉर्च माझ्या दुकानातली, निवडली मी. फोटो बिघडला तर तो काही म्हणणार नाही, पण मला कळेलच की. काशम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘उद्या जाऊनच या एकदा. नाहीतर महिनाभर माझं डोकं खाल.’

म्हणून शनिवारी रात्री नऊला मी स्कूटीवर, आणि पुढं सायकलवर बिरुदेव, दांडीला ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली बॅटरी. रस्ता चांगला दिसत होता, ते मी मान्य करतो. मधेच तो ओरडला, ‘काका, तुमची लाईट बंद करा की जरा. हिचा उजेड बघू द्या.’

‘मरायचंय का मला?’ मी ओरडलो. पण निम्मा फर्लांग बंद केली. खड्डे दिसत होते.

ज्वारी काढून झालेल्या रानात मेंढरं बसली होती, रस्त्यापासून दोन शेतं आत. धुळा आप्पा सत्तरीचा, उंच, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. केराबाईंनी, बिरुदेवच्या आईनं, मला बकरीच्या दुधाचा चहा दिला. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘तुमी बॅटरीवालं व्हय? एवढ्याशा बॅटरीपायी लेकानं आठवडा घालवला.’

फोटोची तयारी झाली. आप्पा मेंढरांच्या मधे जाऊन बसला, घोंगडं खांद्यावर. त्याला हे सगळं खुळ्यासारखं वाटत होतं, पण बसला. बिरुदेवानं कॅमेरा तीन पायांवर ठेवला. अर्धा मिनिट तो उघडा राहणार, तेवढ्यात हा उजेड फिरवणार, असं त्यानं मला सांगितलं. बटण दाबलं. मग कळपाच्या कडेला गेला, खाली बसला, आणि बॅटरी जमिनीला चिकटवून आडवी सोडली, अगदी माझ्या काउंटरवर टॉवेलवर सोडायचा तशी.

काय दिसलं सांगू! लोकरीचा एकेक झुपका उभा राहिला. सगळा कळप एखाद्या जाड टॉवेलासारखा, फासन् फास वेगळा. मी मनात म्हटलं, शिवशरण, माल चांगला दिलास.

बिरुदेवानं उजेड जमिनीवरून हळूहळू पुढं सरकवला. आणि पुढची मेंढी उठली. तिच्यामागं दुसरी. मग सगळाच कळप उठला आणि उजेड जिकडं जात होता तिकडं चालायला लागला, रस्त्याकडं, गपगुमान, सकाळ झाल्यासारखा.

‘विझव! विझव आदी!’ आप्पा ओरडला. कुत्री भुंकायला लागली. रस्त्यावर ट्रकची रांग चालली होती. म्हातारा गुडघे धरत पळतोय, केराबाई पळतायत, मी पोट सांभाळत पळतोय, चप्पल ढेकळात. पुढच्या शेताच्या बांधावर म्हाताऱ्यानं पुढची मेंढी गाठली आणि तोंडानं कसलासा आवाज काढून वळवली. ती वळली तशी बाकीची वळली. सगळी परत येऊन बसेपर्यंत अर्धा तास गेला. माझी एक चप्पल अजून त्या शेतात आहे.

आप्पा धापा टाकत बिरुदेवपुढं उभा राहिला. ‘पाटंचं मेंढरं उटवायची आसली की आमी बॅटरी भुईवरनं म्होरं फिरवतो. तवा उटत्यात ती. ह्ये तुला म्हाईत न्हाय? आरं, तूच फिरवायचास की! धा वर्साचा हुतास तवा!’

बिरुदेवाला आठवत होतं, आत्ता. लुकलुक नको हे त्याच्या लक्षात राहिलं होतं, फ्लॅशचा धडा ताजा होता म्हणून. पण ही गोष्ट चौदा वर्षांच्या टॉवेलांखाली कुठंतरी गाडली गेली होती. हातात बॅटरी घेतली की आता त्याचा हात चेकिंगच्या टेबलावरच जायचा. तो खाली बघत उभा होता आणि मला त्याची फार दया आली. एवढा मोठा माणूस, पण तिथं कुणाचाच नसल्यासारखा उभा होता.

‘आन हिकडं,’ म्हाताऱ्यानं त्याच्या हातातनं बॅटरी घेतली. ‘पांगल्यावर मोजाय पायजे.’

तो कळपासमोर उभा राहिला आणि बॅटरी कानापाशी धरली, डोळ्याच्या रेषेत. मला विचित्र वाटलं. ‘आप्पा, अशी का हो?’

‘कमरंला धरली की नुसती लोकर दिसती, सायेब. कानापाशी धरली की डोळं दिसत्यात. रात्री डोळ्यावरच मोजायचं. लांडगा मधी घुसला तर त्येचंबी डोळं कळत्यात.’

त्यानं जिभेनं टाळ्याला टक्टक् केलं. सगळ्या माना वर झाल्या. त्यानं उजेड डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवायला घेतला, आणि जिथं जिथं तो गेला तिथं हिरवट दिव्यांच्या जोड्या लागत गेल्या. लागल्या, विझल्या, पुढच्या लागल्या. मी साठ वर्षांचा आहे, सिद्धेश्वराच्या जत्रेतलं दारूकाम बघत मोठा झालोय. तरी असं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात बिरुदेव हळूच तिपाई उचलून आप्पाच्या पाठीमागं गेला, अगदी दोन हातांवर, आणि त्यानं कॅमेरा उघडला. म्हाताऱ्याला पत्ता नव्हता. तो मोजत होता. ही माणसं विसावर मोजतात. ‘येक ईस... दोन ईस... तीन ईस... नि चार.’ चौसष्ट. पूर्ण. त्यानं बॅटरी विझवली आणि बंडीच्या खिशात टाकली. ‘चांगली हाय. पार बांधापतुर दिसतं.’

मग घोंगडं अंथरून तो आडवा झाला, आणि त्याला पुन्हा उठवायची कुणाची छाती नव्हती. बिरुदेवानं कॅमेऱ्यात बघितलं. पाठमोरा काळा माणूस, तोंड नाही. ‘ऱ्हायलंच मंग,’ तो म्हणाला. मी एका चपलेनं घरी आलो. पहाटे टेम्पो आला आणि मेंढरं गेली.

तीन आठवड्यांनी बिरुदेव घड्याळाचा सेल घ्यायला आला. कोपराला पट्टी.

‘आता काय?’

‘चारी. तीच.’

‘बॅटरी लावत नाहीस?’

‘आप्पाकडं हाय.’

हळूहळू सगळं बाहेर आलं. आई-वडील आता एमआयडीसीजवळ त्याच्या खोलीवर राहायला आले होते. रात्री जेवण झालं की आप्पा दारात उभा राहायचा, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बॅटरी कानापाशी धरून फिरवायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग आत येऊन बॅटरी उशाखाली. रात्री दोनदा उठून परत तेच. शेजाऱ्यांनी विचारलं, चोर शोधताय का. केराबाई म्हणायच्या, नका बोलू त्यास्नी. आणि हा शहाणा अंधारात सायकल हाणत होता, पण ती मागत नव्हता.

मी फळीवरची दुसरी काढून पुढं केली. त्यानं मान हलवली. ‘दुसरी बांधली तर आप्पास्नी वाटंल, मी त्येची हिसकावून घेतली म्हणून पोरानं दुसरी आनली. वाईट वाटून घेतील.’

‘अय्यो, आणि तू मेलास तर बरं वाटेल का रे त्यांना?’ मी ओरडलो. मग जरा वेळानं विचारलं, ‘तो फोटो दाखव.’

‘न्हाय आला वो तो. त्वांडच न्हाय.’

‘दाखव म्हणतो ना!’

त्यानं मोबाईलमध्ये दाखवला. मी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग त्याला सांगितलं, हा चांगला मोठा छापून घे आणि रविवारी आप्पाला घेऊन इथं ये. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ओरडायच्या आवाजात सांगितलं म्हणून त्यानं ऐकलं असावं.

रविवारी दोघं आले. मी काउंटर मोकळा केला, फोटो पसरला. दुकानात दिवे लख्ख होते, तरी म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून बॅटरी काढली, कानापाशी धरली आणि वाकला. ओठ हलायला लागले. बोट फोटोवरून जोडी-जोडीनं सरकत होतं, डावीकडून उजवीकडं. रस्त्यावर एक गिऱ्हाईक रिमोट हातात घेऊन थांबलं होतं. त्याला मी हातानंच गप्प बसवलं.

‘तीन ईस नि येक,’ आप्पा म्हणाला. मग परत पहिल्यापासून मोजलं. ‘तीन ईस नि येक. तीन कमी हायती.’

‘आप्पा, फोटूत समदी कुटनं येतील,’ बिरुदेव म्हणाला.

म्हातारा ऐकत नव्हता. त्याचं बोट मधल्या काळ्या आकारावर थांबलं. ‘ह्यो कोन?’

‘तुमीच की.’

‘मी व्हय?’ त्यानं आणखी वाकून बघितलं. खांदे, मुंडासं, कानापाशी उचललेला हात. बराच वेळ बघितलं. ‘मंग बरोबर हाय. बोडकी, कानफाटी आन् तिचं कोकरू. ती तिगं कवाबी माझ्या पुढ्यातच बसायची. माझ्याआड हायती.’ त्यानं काळ्या आकारावर बोट तीनदा टेकवलं. ‘तीन ईस नि चार. हायती समदी.’

मग त्यानं बॅटरी विझवली आणि बिरुदेवपुढं धरली.

‘घे. सायकलीला बांध. अंधारात पडतूस.’

बिरुदेवानं खिशात हात घालून ट्यूबची पट्टी काढली. तीन आठवडे ती त्याच्या खिशातच होती.